जव्हार-मोखाड्याच्या माणसाला घर कुठे? पाड्यावरचे घरकुल, शहरातली खोली आणि विरारचे फ्लॅट

घरकुलाच्या यादीत नाव आले की घराचा प्रश्न मिटला, असे आपण धरून चालतो. जव्हार आणि मोखाडा या पालघर जिल्ह्यातील दोन तालुक्यांत काम करताना मला वेगळे चित्र दिसते. ज्याच्या नावावर पाड्यावर घरकुल आहे, तोच माणूस बायको-मुलांसह वर्षातले सहा-सात महिने विरार, वसई, भिवंडी, कल्याणच्या बाजूला प्लास्टिकच्या खोपटात राहतो. दिवसभर तो ज्या इमारतीवर माल वाहतो त्या इमारतीत त्याला घर मिळण्याचा प्रश्नच येत नाही, आणि पाड्यावरच्या घराला तेव्हा कुलूप असते.

या कुटुंबाला दोन घरे लागतात, एक गावात आणि एक कामाच्या ठिकाणी. पहिल्यासाठी अर्धा डझन योजना आहेत. दुसऱ्यासाठी कागदावर एक-दोन तरतुदी सोडल्या तर काही नाही. उलट पहिले घर घेतले म्हणून दुसऱ्याचे दार बंद होते. ते कसे, हे नीट समजून घेण्यासाठी योजना, जमीन, हंगाम आणि शहरातला घरबाजार या सगळ्याची माहिती एकत्र मांडत आहे.

दोन तालुके

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत येतात. २०११ च्या जनगणनेनुसार जव्हार तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार आणि मोखाड्याची सुमारे ८३ हजार. दर दहा माणसांतली नऊ आदिवासी आहेत: वारली, कोकणा, महादेव कोळी, मल्हार कोळी, ठाकूर, कातकरी. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते आणि तिथली नगरपरिषद १९१८ पासूनची आहे. म्हणजे शंभर वर्षांहून जुनी नगरपालिका असलेले हे गाव आहे, पण आसपासचा माणूस रोजगारासाठी तिथे न थांबता खाली उतरतो.

१९९२-९३ मध्ये वावर-वांगणीतील कुपोषणाच्या बालमृत्यूंमुळे जव्हारचे नाव देशभर गेले. तेव्हापासून या भागाबद्दल बोलताना आपण अन्न आणि आरोग्याबद्दल बोलतो. घराबद्दल फारसे बोलत नाही. मला हे दोन विषय वेगळे वाटत नाहीत. जे मूल वर्षातले सहा महिने वीटभट्टीवर चार बांबू आणि ताडपत्रीखाली राहते, त्याचे अंगणवाडीतले वजन अर्धे वर्ष कुणी नोंदवत नाही.

पाण्याचेही तसेच. मुंबईला पाणी पुरवणारे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात कोचाळे गावाजवळ आहे. शंभर मीटरहून उंच भिंतीचे हे धरण मुंबई महापालिकेने बांधले. त्याच मोखाड्यात उन्हाळ्यात पाड्यांना टँकर लागतो. हे नेहमी सांगितले जाते, म्हणून जास्त लिहीत नाही. पण घर बांधायला पाणी लागते, ही साधी गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

घरकुलाच्या योजना

आपल्या वाचकांना रमाई आवास योजना माहीत आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांसाठी सामाजिक न्याय विभाग ती चालवतो. आदिवासींसाठी तशीच योजना आदिवासी विकास विभागाची आहे: शबरी आदिवासी घरकुल योजना. दोन्हींत घर साधारण २६९ चौरस फुटांचे, म्हणजे २५ चौरस मीटर. नावे वेगळी, खाती वेगळी, पण अडचणी बऱ्याचशा एकच आहेत, त्यामुळे विदर्भ-मराठवाड्यातल्या आपल्या वस्तीत जे अनुभवले असेल ते इथेही ओळखू येईल.

केंद्राची प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ पासून सुरू आहे. त्यात सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात. सोबत रोजगार हमीतून ९० ते ९५ दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार. राज्य सरकारने २०२५ मध्ये यात ५० हजारांची भर जाहीर केली. कातकरी समाजासाठी दर वेगळा आहे. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेष असुरक्षित आदिवासी गटात मोडतात. त्यांच्यासाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात घराला २ लाख रुपये मिळतात, मजुरी आणि शौचालय वेगळे.

कागदावर हे वाईट नाही. पैसे थेट खात्यात येतात. मंजुरी, जोते, लिंटेल, छत अशा टप्प्यांचे फोटो ॲपवर चढतात आणि त्याप्रमाणे हप्ता पडतो. आधीच्या इंदिरा आवासमध्ये ठेकेदाराने अर्धवट सोडलेल्या भिंती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा फरक कळेल.

अडचण पैशाच्या आधी जागेची असते. अनुदान घराला मिळते आणि घर उभे राहते जमिनीवर. मोखाड्यातल्या अनेक पाड्यांना स्वतंत्र गावठाण नाही. घराखालची जमीन कुणाच्या नावावर आहे असे विचारले तर उत्तर तीन प्रकारचे येते: वनखात्याची, सरकारी, किंवा जुन्या मालकाची, ज्याच्या सातबारावर आपल्या आजोबाचे नाव कधी चढलेच नाही.

तिन्हींसाठी कायद्यात वाट आहे, आणि ती माहीत नसल्याने नावे यादीतून गळतात. वनजमीन असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्याने कसण्याबरोबर राहण्याचाही हक्क दिला आहे. पाचव्या अनुसूचीतील अधिकार वापरून राज्यपालांनी सप्टेंबर २०२० मध्ये अधिसूचना काढली. गावालगतच्या वनजमिनीवर आदिवासी कुटुंबांना घर बांधता यावे, हा तिचा हेतू होता. सरकारी जमिनीवर १ जानेवारी २०११ पूर्वीचे राहते घर असेल तर ते नियमित करून घेता येते. अनुसूचित जाती-जमातींना त्यात ५०० चौरस फुटांपर्यंत मोबदला लागत नाही. खासगी मालकाच्या जमिनीवर कुळाचे किंवा शेतमजुराचे घर असेल तर कूळकायद्याची कलमे १६ ते १७-ब पाहावीत. घराखालची जागा राहणाऱ्याच्या नावावर करण्याचा आधार तिथे आहे. आणि यातले काहीच जमत नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे. तिच्यात आधी ५० हजार मिळत, आता मर्यादा १ लाखापर्यंत आहे. पण डोंगरातल्या पाड्यावर विकत घ्यायला जागा कुणाकडून घेणार? आदिवासीची जमीन आदिवासीच विकत घेणार, म्हणजे दोन गरिबांपैकी एक भूमिहीन होणार.

बांधकामाचा हंगाम आणि स्थलांतराचा हंगाम

ही गोष्ट मला पहिल्या दोन वर्षांत कळली नव्हती. कार्यालयातल्या बैठकीत नेहमी एकच तक्रार ऐकू यायची: लाभार्थी पहिला हप्ता घेतात आणि काम सुरू करत नाहीत. मीही तसाच अहवाल लिहिला होता.

जव्हार-मोखाड्यात पाऊस प्रचंड. जून ते सप्टेंबर बांधकाम होत नाही. त्यानंतर भात, नागली, वरईची कापणी आणि मळणी. घर बांधायला मोकळे महिने राहतात ते दिवाळीनंतरचे, मे अखेरपर्यंत. नेमके याच महिन्यांत वीटभट्ट्या चालतात आणि शहरातल्या इमारतींची कामे जोरात असतात. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, आणि ती फेडायला जावेच लागते. आणि नेमके याच महिन्यांत पाड्यावरची विहीर आटत जाते. म्हणजे हातात वेळ असतो तेव्हा माणूस गावात नसतो. जो थांबतो त्याला भिंतींवर मारायला पाणी नसते. मार्चनंतर जोते घातले तर सिमेंटला आठवडाभर भिजवायचे पाणी बाईच्या डोक्यावरून येणार.

एक कुटुंब सांगते. गाव आणि नाव देत नाही. नवरा-बायको, तीन मुले, म्हातारी सासू. घरकुल मंजूर झाले, पहिला हप्ता आला. त्यातून खडी आणि थोडे सिमेंट आले. घाट चढून येणाऱ्या गाडीचे भाडेच मालाच्या किमतीला टेकले. जोते झाले, फोटो गेला, दुसरा हप्ता यायला वेळ लागला. तोवर भट्टीवर जायची वेळ झाली. सासू एकटी जुन्या कुडाच्या घरात राहिली. परत आले तेव्हा पाऊस आठवड्यावर होता. सिमेंटच्या उरलेल्या गोण्या दगड झाल्या होत्या. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्यांच्या नावापुढे कार्यालयात शेरा होता: अपूर्ण, लाभार्थी प्रतिसाद देत नाही. तो शेरा चुकीचा नव्हता, पण त्यातून काहीच कळत नव्हते.

मी तिला विचारले, एक वर्ष भट्टीवर गेला नाहीत तर? ती म्हणाली, "ताई, मग उचल कोण फेडल?"

घर पुरे झाले तरी जुने कुडाचे घर पाडले जात नाही, हेही पाहण्यासारखे आहे. कारवीच्या कुडाला माती-शेणाचे सारवण, वर कौले किंवा गवत. त्या घरात कणगी असते, शेळ्यांना जागा असते, चुलीचा धूर वर निघून जातो. २६९ चौरस फुटांच्या सिमेंटच्या खोलीत भाताची कणगी मावत नाही आणि एप्रिलमध्ये पत्रा तापतो. म्हणून झोपायला आणि पावसाळ्याला नवे, राबायला जुने, अशी वाटणी घराघरात दिसते. केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने वेगवेगळ्या प्रदेशांनुसार घरांचे नमुने तयार करून घेतले आहेत, 'पहल' नावाने ते छापलेही आहेत. पाड्यावर मात्र सगळीकडे एकच चौकोन उभा राहतो, कारण गवंड्याला तोच येतो आणि फोटोत तोच पटकन पास होतो.

खाली उतरल्यावर

आता शहराकडे येऊ. जव्हार-मोखाड्यातून गेलेले कुटुंब तीन ठिकाणी राहते. वीटभट्टीवरचे खोपटे हे पहिले. दुसरे बांधकामाच्या जागेवरचे पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे शेड. तिसरे नाक्यावर रोज उभे राहून काम शोधणाऱ्यांचे: पुलाखाली, रेल्वेच्या कडेला, मैदानात, आणि ज्यांचे थोडे बरे चालते त्यांचे नालासोपारा-विरारच्या पूर्वेकडच्या चाळीतली सामायिक खोली.

वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या २०११ मध्येच १२ लाखांवर होती. इथला स्वस्त घरांचा मोठा भाग अनधिकृत बांधकामांनी भागवला आहे, हे उघड आहे. त्याची किंमत कोण देतो तेही दिसले. नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव असलेल्या जागेवरच्या ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२५ च्या सुरुवातीपर्यंत पाडल्या गेल्या आणि हजारो कुटुंबे रस्त्यावर आली. त्याच वर्षी २६ ऑगस्टच्या मध्यरात्री विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट कोसळून १७ जणांचा जीव गेला. त्या इमारतीला उभे राहून जेमतेम तेरा वर्षे झाली होती. परवडणारे घर अधिकृतपणे कुणी बांधले नाही, म्हणून ते अनधिकृतपणे बांधले गेले, आणि ते पडले किंवा पाडले गेले.

दुसऱ्या बाजूला विरारमध्येच म्हाडाच्या कोकण मंडळाची बोळींजची वसाहत आहे. सुमारे दहा हजार घरे. त्यातली पाच हजारांहून अधिक घरे अनेक सोडतींनंतरही विकली जात नव्हती. प्रथम येणाऱ्यास प्राधान्य, अशी जाहिरात द्यावी लागली. पाण्याचा प्रश्न हे एक कारण होते. सूर्या धरणाचे पाणी आल्यावर विक्री हलली. (हे धरणही पालघरच्या आदिवासी पट्ट्यातलेच आहे.) दुसरे कारण किंमत.

किमतीचा हिशोब करून पाहा. तिथले एक बेडरूमचे घर २३ लाखांच्या आसपास. ३ लाख हातातले घातले आणि २० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता १७ हजारांच्या वर जातो. नाक्यावर ५०० रुपये रोज धरला आणि महिन्यात १८ दिवस काम मिळाले, तर हातात येतात ९ हजार. बँक पगाराची पावती मागते, ती तर नाहीच.

यात एक शब्दाचा घोळ आहे. म्हाडाच्या सोडतीत मुंबई महानगर क्षेत्रात 'अत्यल्प उत्पन्न गट' म्हणजे वर्षाला ६ लाखांपर्यंत कमावणारे कुटुंब. महिन्याला ५० हजार पगार असलेला कारकून आणि वर्षाला एक-सव्वा लाख हाती लागणारे भट्टीवरचे कुटुंब एकाच रांगेत. सोडतीत अनुसूचित जातींना ११ टक्के आणि जमातींना ६ टक्के घरे राखीव असतात. पण त्या आरक्षणाचा लाभ समाजातल्या नोकरदाराला होतो. त्याला तो व्हावा, यात वाद नाही. वाद आहे तो 'परवडणारे' या शब्दावर.

पहिले घर दुसऱ्याच्या आड येते

प्रधानमंत्री आवास योजनेची अट अशी की लाभार्थी कुटुंबाच्या नावावर भारतात कुठेही पक्के घर नसावे. मोखाड्यात ज्याला घरकुल मिळाले त्याला शहरी योजनेत मालकीच्या घराचे अनुदान मिळणार नाही. एकाच कुटुंबाने दोनदा लाभ घेऊ नये, हा विचार चुकीचा नाही. पण त्यामागे गृहीत धरलेले आहे की माणूस एकाच जागी राहतो. आमच्या भागातला माणूस तसा राहत नाही, आणि त्याला ते जमणारही नाही, कारण भात आणि वनपट्टा वर आहे, मजुरी खाली आहे.

म्हणून इथे मालकीच्या नव्हे, भाड्याच्या घराबद्दल बोलले पाहिजे. २०२० च्या टाळेबंदीत मजूर पायी चालत गावी गेले तेव्हा जुलैमध्ये केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या गृहसंकुलांची योजना आणली. सप्टेंबर २०२४ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्येही भाड्याची घरे हा एक स्वतंत्र भाग आहे. जागा सरकारची किंवा उद्योगाची, बांधणी खासगी किंवा सार्वजनिक, आणि भाड्याने राहायचे. कामगारांसाठी खोल्या किंवा डॉर्मिटरी, दोन्ही चालतात. जव्हार-मोखाड्याच्या कुटुंबाला विरार-वसईत लागते ते नेमके हेच: सहा महिन्यांसाठी, डिपॉझिटशिवाय, नळ आणि संडास असलेली, कुटुंबाला मावेल अशी खोली. बोळींजची काही घरे इतकी वर्षे रिकामी ठेवण्याऐवजी अशी भाड्याने का दिली नाहीत, हा प्रश्न मी दोन-तीन ठिकाणी विचारला. सगळीकडे हसून विषय बदलला गेला.

बांधकाम कामगारांच्या बाबतीत कायदा आणखी स्पष्ट होता. १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याच्या कलम ३४ ने मालकावर जबाबदारी टाकली होती की कामाच्या जागी किंवा जवळ कामगारांना राहण्याची मोफत तात्पुरती सोय करावी, तिथे स्वयंपाकाला, आंघोळीला आणि शौचाला वेगळी जागा असावी. बांधकाम खर्चाचा १ टक्का उपकर राज्याच्या कामगार कल्याण मंडळाकडे जातो. मंडळाची अटल बांधकाम कामगार आवास योजना आहे. मात्र नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावरच्या माणसाचा मालक रोज बदलतो, दाखला कोण देणार? आणि आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा इथे लागूच नव्हता, कारण मोखाड्याहून विरारला येणारा माणूस राज्याची सीमा ओलांडत नाही. तो जिल्ह्याचीही ओलांडत नाही. त्यामुळे स्थलांतरित म्हणून तो कुठल्याही यादीत नसतो.

एकाच संकुलात तीन प्रकारची घरे

शहरात घरे बांधताना जगभर तीन प्रकार धरले जातात. बाजारभावाची, परवडणारी म्हणजे सरकारी मदतीने किंमत किंवा भाडे कमी केलेली, आणि तिसरी, ज्यांना घरासोबत काही आधार लागतो त्यांची. तिन्ही एकत्र बांधली तर बाजारभावाच्या घरांच्या नफ्यातून बाकीच्यांचा खर्च निघू शकतो.

मुंबईला हे नवे नाही. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेचा सगळा डोलारा यावरच आहे: विक्रीची इमारत पुनर्वसनाच्या इमारतीचा खर्च काढते. पुनर्वसनाचे घर २२५ चौरस फुटांवरून २६९ आणि पुढे ३०० झाले. पण दोन इमारतींमध्ये भिंत आली. विक्रीच्या टॉवरला बाग आणि पुनर्वसनाच्या इमारतींमध्ये मधे तीन मीटरची बोळ. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंडमधल्या अशा इमारतींचा 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने अभ्यास केला. उजेड आणि हवा नसलेल्या खालच्या मजल्यांवर क्षयरोग जास्त आढळला. पक्के घर देऊनही माणूस आजारी पडू शकतो.

बीडीडी चाळींचा पुनर्विकास त्यामानाने वेगळा. १९२० च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या, १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या या चाळी. आंबेडकरी चळवळीची किती पिढ्यांची घडण वरळी आणि नायगावच्या या खोल्यांत झाली, ते वाचकांना सांगायला नको. तिथे बिल्डरऐवजी म्हाडा स्वतः बांधते, रहिवाशाला ५०० चौरस फुटांचे घर मोफत मिळते आणि खर्च विक्रीच्या इमारतींतून काढला जातो. वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्या मिळाल्या. रहिवासी संघटित होते आणि जमीन सरकारची होती, म्हणून हे झाले. नाक्यावरच्या मजुराकडे यातले काहीच नाही.

वसई-विरारसारख्या मोठ्या महापालिकांत ४ हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरच्या प्रकल्पात २० टक्के घरे अत्यल्प व अल्प उत्पन्न गटासाठी ठेवण्याचा नियम आहे. ती म्हाडाच्या सोडतीतून जातात. माझे म्हणणे इतकेच की या २० टक्क्यांतली काही घरे विकू नयेत. पालिकेने किंवा म्हाडाने ती स्वतःच्या ताब्यात ठेवून भाड्याने द्यावीत. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहराने शंभर वर्षांपूर्वी पालिकेची भाड्याची घरे बांधायला सुरुवात केली, ती विकली नाहीत, आणि आज त्या पालिकेकडे दोन लाखांहून अधिक घरे आहेत. त्यांच्याकडे पैसा होता हे खरे. पण विकून टाकलेले घर पुढच्या गरिबाला मिळत नाही, हे समजायला पैसा लागत नाही.

आधारासह घर म्हणजे काय, हे जव्हारमध्ये समजावून सांगावे लागत नाही. आदिवासी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'माहेरघर' आहे: बाळंतपणाच्या काही दिवस आधी बाईने येऊन राहायचे, जेवण मिळते, नर्स हाकेवर असते. स्थलांतरित पालकांची मुले शाळेत टिकावीत म्हणून हंगामी वसतिगृहे आहेत. आदिवासी मुलामुलींची सरकारी वसतिगृहे आहेत, जागा मिळाली नाही तर स्वयंम योजनेतून रोख मदत आहे, जशी आपल्या विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून मिळते. छप्पर, जेवण आणि सोबत एक जबाबदार माणूस, हेच आधारासह घर. फक्त ते गरोदर बाई आणि विद्यार्थी यांच्यापाशी थांबते. जव्हारच्या पतंगशाह रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाचे नातेवाईक, नवऱ्याने टाकलेली बाई, मानसिक आजारातून सावरणारा तरुण, भट्टीवरून पळून आलेले कुटुंब: यांच्यासाठी जव्हार शहरात महिना-दोन महिने राहण्याची खोली नाही. मानसिक आरोग्य कायदा २०१७ ने समाजात राहण्याचा हक्क दिला आहे, पण राहायला खोली कुठे आहे हे त्यात लिहिलेले नाही. जव्हार नगरपरिषदेने एक छोटी इमारत बांधली, खालच्या मजल्यावर बाजारभावाचे गाळे, मधे नर्स-शिक्षक-कर्मचाऱ्यांना भाड्याच्या खोल्या आणि वर अशी आधाराची घरे केली, तरी सुरुवात होईल. जव्हारमध्ये नोकरीला येणाऱ्या नर्सला आणि शिक्षिकेलाही धड खोली मिळत नाही, म्हणून त्या नाशिकहून ये-जा करतात. म्हणजे खोल्यांना गिऱ्हाईक आहे.

यादीत नाव, आणि ग्रामसभा

शेवटी एक कामाची गोष्ट. घरकुलाची प्रतीक्षा यादी, जिला गावात 'ड यादी' म्हणतात, तिच्यावर ग्रामसभेत बोलता येते. पेसा कायद्यानुसार लाभार्थी निवडण्याचा अधिकार ग्रामसभेचा आहे. नेहमीच्या ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या. पहिल्या दोन तारखांना आमचे अर्धे पाडे भट्टीवर असतात, आणि नाव वगळण्याचे ठराव बहुतेक तेव्हाच होतात. १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला माणसे घरी असतात. घराखालच्या जागेचा अर्ज, वनहक्काचा दावा, सरकारी जागा नियमित करण्याची मागणी, अपूर्ण घराला मुदतवाढ, जे काही असेल ते लेखी देऊन पोच घ्यायची ती याच दोन दिवसांत. शिवाय एक ठराव करून घ्यावा: स्थलांतराला गेलेल्या कुटुंबाचे नाव, ते परत येईपर्यंत आणि ग्रामसभेत त्यांचे ऐकून घेईपर्यंत, यादीतून काढू नये.

वर सांगितलेल्या कुटुंबाने गेल्या २ ऑक्टोबरला तसा अर्ज दिला. यंदा नवरा एकटाच भट्टीवर गेला आहे. ती घरी थांबली आहे, आणि विहिरीला पाणी आहे तोवर भिंती लिंटेलपर्यंत नेण्याचा तिचा बेत आहे.